मेसेजची भाषा बघू नका, मागणी बघा : फसव्या मेसेजपासून असा करा बचाव

बेळगाव : माझे मामा खानापूर तालुक्यात राहतात. थोडी शेती, दोन म्हशी आणि गोव्यातून सेकंडहँड घेतलेली एक गाडी. नंबर प्लेट अजून जीएचीच. उसाचं बिल खात्यावर जमा झालं त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला : 'तुमच्या वाहनाचे चलन प्रलंबित आहे, तपशील पाहा.' खाली एक फाइल. गाडीचा नंबर अगदी बरोबर. चारच दिवसांपूर्वी मामा चोर्ला घाटातून म्हापशाला जाऊन आले होते. कुठल्या तरी कॅमेऱ्यात सापडलो असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी फाइल उघडली. एक ॲप उतरलं, त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, मामांनी दिली. चलन बघण्यासाठी १ रुपया भरा म्हणाले, म्हणून मामांनी डेबिट कार्डाचा नंबर आणि पिन टाकला. चलन काही दिसलं नाही. नेटवर्क नसेल म्हणून मामा जेवायला बसले.

रात्री पावणेबाराला खात्यातून ३८,००० रुपये गेले. पहाटे धारेला उठल्यावर मामांनी मेसेज पाहिला. आणि गप्प बसले. मामींना सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, बँकेत गेले नाहीत. सकाळी सव्वादहाला आणखी ४६,००० गेले. मला फोन आला तो संध्याकाळी. 'अरे, लाज वाटली रे. एवढा शहाणा म्हणवतो गावात, लोक काय म्हणतील?'

या लेखात फसवे मेसेज कसे ओळखायचे ते सांगणार आहेच. पण मामांचे पहिले ३८,००० एका चुकीने गेले आणि दुसरे ४६,००० गप्प बसल्याने गेले, हे आधी लक्षात घ्या.

सीमाभागात फसवणं सोपं का?

आपल्या भागातल्या माणसाच्या फोनवर एका दिवसात किती भाषांचे मेसेज येतात ते मोजून बघा. हेस्कॉमचं बिल आणि कर्नाटकच्या योजना कन्नडमध्ये, बँकेचं इंग्रजीत, मोबाइल कंपनीचं हिंदीत, नात्यागोत्याचं मराठीत. घर बेळगावात, नोकरी शिनोळीच्या कारखान्यात, शेताचा तुकडा चंदगडला, मुलगी पणजीला, अशी कुटुंबं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे तीन राज्यांतून खरे मेसेज येतातच. एमएचची गाडी कर्नाटकात फिरते, केएची गोव्यात. चलन कुठूनही येऊ शकतं. एखादा मेसेज अनोळखी भाषेत किंवा भलत्याच राज्यातून आला, तरी आपल्याला त्यात वावगं वाटत नाही.

पूर्वी एक सोपी खूण होती. फसव्या मेसेजात स्पेलिंग चुकलेलं असायचं, मराठी तर भाषांतर करून कोंबल्यासारखी असायची. ती खूण आता चालत नाही. स्वच्छ मराठी, कन्नड, गुजराती लिहून देणारी साधनं ठगांच्याही हातात आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादच्या आपल्या वाचकांचंही हेच आहे. सरकार एका भाषेत बोलतं, घर दुसऱ्या भाषेत. अशा वेळी कोणी मराठीतून बोलला की आपल्याला तो घरचा वाटतो.

म्हणून मेसेजची भाषा, लोगो, गाडीचा नंबर, तुमचं नाव यातलं काहीच पुरावा धरू नका. गाडीचा नंबर रस्त्यावर उघडाच असतो. नाव आणि फोन नंबर कुठून ना कुठून बाहेर गेलेला असतो. बघायची ती मागणी. फसवा मेसेज पुढच्या चारपैकी एक तरी गोष्ट मागतोच :

१. या लिंकवर जा.
२. ही फाइल किंवा ॲप उतरवा.
३. या नंबरवर फोन करा.
४. ओटीपी, पिन, कार्डाची माहिती द्या किंवा थोडे पैसे भरा.

आणि सोबत घाई असते. 'आज रात्री', '२४ तासांत', 'शेवटची संधी'. मागणी आणि घाई एकत्र दिसली की तिथेच थांबायचं.

सध्या फिरणारे मेसेज

वीज तोडण्याचा : 'मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्याला फोन करा.' २०२२ पासून हा मेसेज देशभर फिरतोय. फोन केला की समोरचा अधिकारी गोड बोलतो, स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावतो आणि '१० रुपये भरून बिल अपडेट करा' म्हणतो. तुम्ही टाकलेलं सगळं त्याला तिकडे दिसत असतं. इथे कायदा माहीत असला की भीती जाते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची तर कंपनीने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हेस्कॉम असो, महावितरण असो, गोव्याचं वीज खातं असो की बडोद्याची एमजीव्हीसीएल, मेसेज पाठवून त्याच रात्री साडेनऊला वीज तोडता येत नाही.

चलनाचा : मामांना आला तो. लक्षात ठेवा, चलन दाखवण्यासाठी कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवत नाही. फाइलच्या नावाशेवटी 'डॉट एपीके' असेल तर ते चलन नव्हे, ते ॲप आहे. चलन खरंच आहे का बघायचं तर स्वतः ब्राउझर उघडून 'ईचलन डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन' टाइप करा आणि तिथे गाडीचा नंबर घाला. याच पद्धतीने पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी अशा नावांनीही एपीके फाइली फिरतात. नाव बदलतं, आतला माल तोच.

योजनेचा : 'गृहलक्ष्मीचे २,००० रुपये अडकले आहेत, खाते पडताळा.' पलीकडे तोच मेसेज लाडक्या बहिणीच्या नावाने जातो. पैसे खरंच अडकले असतील तर चौकशी आपल्या अंगणवाडी सेविकेकडे, ग्रामपंचायतीत किंवा बँकेत करा. लिंकवर नको.

पार्सलचा : 'पत्ता अपुरा असल्याने पार्सल गोदामात पडून आहे, ४८ तासांत पत्ता अपडेट करा.' पोस्टाच्या नावाने येणारा हा मेसेज खोटा असल्याचं पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने वेळोवेळी जाहीर केलं आहे. लिंकवर पत्ता टाकला की पुढच्या पानावर किरकोळ शुल्कासाठी कार्ड मागतात.

चुकून पैसे आल्याचा : हा दुकानदारांनी आणि वयस्कर मंडळींनी नीट वाचावा. फोन येतो, 'काका, बाबांचे पैसे तुमच्या नंबरवर पाठवतोय.' पाठोपाठ मेसेज, '२०,००० जमा.' मग घाबरा आवाज, 'अहो, २,००० पाठवायचे होते, एक शून्य जास्त पडलं, १८,००० परत करा ना.' तो मेसेज बँकेचा नसतो. फोन करणाऱ्यानेच साध्या मोबाइलवरून टाइप करून पाठवलेला असतो. मी कॉमर्सचा विद्यार्थी. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं की नोंद खतावणीत दिसली तरच ती नोंद. इथेही तेच. पासबुकात किंवा बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तर पैसे आले, नाहीतर नाही. कोणाचे खरंच चुकून आले असतील, तर 'तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेकडून रीतसर परत जातील' एवढंच सांगा.

घरबसल्या कामाचा : व्हिडिओला लाइक करा, दिवसाला हजार-दोन हजार मिळवा. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरोखर येतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर नेतात, मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला लावतात, आणि भरलेले पैसे सोडवण्यासाठी पुन्हा पैसे. यात शिकलेली मुलं-मुली जास्त अडकतात.

पाठवणाऱ्याचं नाव कसं वाचायचं?

बँका, कंपन्या आणि सरकारी खात्यांचे साधे एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाहीत. नंबरच्या जागी दोन अक्षरं, एक आडवी रेघ आणि मग संस्थेचं नोंदणी केलेलं छोटं नाव असतं. ट्रायच्या २०२५ च्या नियमानुसार शेवटी आणखी एक अक्षर जोडलं जातं : जाहिरात असेल तर 'पी', सेवेची माहिती असेल तर 'एस', व्यवहाराचा मेसेज असेल तर 'टी' आणि सरकारी असेल तर 'जी'. तेव्हा खातं बंद होणार, पॅन जोडा, वीज तुटणार असा मेसेज दहा आकडी नंबरवरून आला तर तो पुढे वाचायचीही गरज नाही. खात्याचा म्हणून मेसेज आला आणि शेवटी जाहिरातीचा 'पी' दिसला, तरी सावध व्हा.

मात्र उलट समजू नका. नाव बरोबर दिसलं म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवायचा असं नाही. शिवाय व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर ही पद्धत नाहीच. तिथे कोणीही लोगोचा फोटो लावून बँक होऊ शकतो.

लिंक आली तर ती वाचायची कशी, हे मुलांनाही शिकवा. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिच्या अगदी आधीचा भाग महत्त्वाचा. सरकारी पत्ता तिथे 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतो. 'परिवहन' हा शब्द पत्त्यात कुठेही घुसवता येतो, शेवट मात्र घुसवता येत नाही. बँकांसाठीही आता अशीच सोय आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपली वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' वर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

एवढं सगळं लक्षात राहत नसेल, तर एकच नियम पाळा. मेसेजने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही, आपल्या वाटेने जायचं. बँकेचा मेसेज आला तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. विजेचा आला तर मागच्या बिलावरच्या नंबरवर. नंबर गुगलवर शोधू नका, तिथेही ठगांनी आपले नंबर कस्टमर केअर म्हणून टाकलेले असतात. आणि पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. यूपीआयचा पिन म्हणजे पैसे देण्याची सही. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असं कोणी म्हणाला तर तो ठगच.

फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझरसाठी बंद ठेवा. गावाकडे आई-वडिलांच्या फोनवर हे काम तुम्हीच करून द्या. दोन मिनिटं लागतात. मामांच्या फोनवर ते आधी केलं असतं तर ती फाइल इतक्या सहज बसली नसती.

फसलात, तर पहिल्या तासात काय करायचं?

ज्या खात्यात पैसे जातात तिथून ते लगेच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवले जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. साखळीत आहेत तोवर अडवता येतात, हातात रोकड गेली की संपलं. म्हणून क्रम असा ठेवा :

१. ॲप उतरवलं असेल तर तो फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका. तुमचे ओटीपी ते ॲप परस्पर वाचत असतं. पुढचे फोन घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरून करा.

२. १९३० ला फोन लावा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, बेळगाव, कोल्हापूर, पणजी, इंदूर, बडोदा सगळीकडे नंबर एकच. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक तयार ठेवा. यूपीआयचा असेल तर तो १२ आकडी असतो. लाइन लागली नाही तर पुन्हा पुन्हा लावा.

३. बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. वेळही लिहून घ्या.

४. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' वर तक्रार नोंदवा. मेसेज, फाइल, कॉलची यादी काही पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

५. पोलीस ठाण्यात जा. बेळगाव शहर आणि जिल्ह्यासाठी सीईएन पोलीस ठाणी आहेत. घर कर्नाटकात, बँकेची शाखा महाराष्ट्रात आणि ठग तिसरीकडे, असं असलं की 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर सीमाभागाला नवीन नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे कलम नम्रपणे पण ठामपणे सांगा.

बँकेला कळवल्याची वेळ का लिहायची, हे माझ्या बी.कॉम. डोक्याला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कोणामुळे पैसे गेले, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

आता मामांचा हिशेब बघा. ३८,००० त्यांचेच गेले, कारण पिन त्यांनी दिला होता. पण पहाटे कळल्यावर त्यांनी बँकेला फोन केला असता, तर सव्वादहाचे ४६,००० एक तर गेलेच नसते, किंवा गेले असते तर ते बँकेने भरायचे होते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. शुल्क नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.

पैसे गेल्यावर 'रक्कम परत मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन आला, तर तीही फसवणूकच. एकदा फसलेल्यांची नावं ठगांकडे असतात, आणि ते दुसऱ्यांदा येतातच.

पैसे गेले नसले तरी कळवा

फसवा मेसेज आला आणि तुम्ही ओळखला, तर नुसता पुसू नका. 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर किंवा ॲपवर 'चक्षू' नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे, तिथे तो नंबर कळवता येतो. नको असलेल्या जाहिरातींच्या एसएमएसची तक्रार १९०९ वर करता येते.

आणि एक सूचना कॉलेजच्या पोरांसाठी. 'तुझं बँक खातं महिनाभर दे, पाच हजार देतो' असं कोणी म्हणालं तर लांब राहा. मामांसारख्यांचे पैसे फिरवायला असलीच खाती लागतात. पोलीस आधी तिथे पोहोचतात, खातं गोठतं आणि गुन्ह्यात नाव तुमचं येतं. पाच हजारांसाठी नोकरीच्या पडताळणीत डाग लावून घेऊ नका.

मामांच्या तक्रारीनंतर एका खात्यात १,२०० रुपये अडकलेले सापडले. बाकीचे एटीएममधून निघून गेले होते. मामी पैशांवरून फार बोलल्या नाहीत. 'मला सकाळी उठवून सांगितलं असतं तर मी ओरडले असते, पण बँकेत तरी पाठवलं असतं,' एवढंच म्हणाल्या. घरात ओरडा बसेल म्हणून कोणी गप्प बसत असेल, तर ओरडणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. म्हातारा माणूस फसला म्हणून सांगायला आला, की आधी १९३० लावा. रागवायला नंतर वेळ आहे.

मामा आता दूध घालायला डेअरीवर जातात तेव्हा चारचौघांत ही गोष्ट सांगतात. परवा त्यांच्याच गल्लीतल्या एकाने चलनाचा मेसेज आणून दाखवला. मामांनी फाइल उघडू दिली नाही. '८४,००० फी भरून शिकलोय,' म्हणाले, 'तुला फुकट सांगतो.'